चार नंबरची रेघ

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या शीतगृहाचा डॅशबोर्ड
माझ्याकडे आला तेव्हा मार्च सरत होता,
गेटबाहेरचं डांबर चपलेला चिकटत होतं
आणि आत मला कुणाचा तरी
कोपरं फाटलेला जाड कोट घालायला दिला होता.

सहा खोल्या.
तासगावचा बेदाणा, चिंच, ब्याडगी मिरची,
चार नंबरात सफरचंद.
खोलीला एक सेन्सर, दर पाच मिनिटांनी एक ओळ,
वर्षाच्या सहा लाख तीस हजार ओळी.
मी त्या घणसोलीच्या घरी आणल्या,
भाजीच्या पिशवीपेक्षा हलक्या.

छेडाशेठ म्हणाले, पाय चार्ट नको,
आमच्याकडे आधीच फरशीवर पाय घसरतात.
स्वतःच हसले. मग म्हणाले,
लाल जरा कमी करा. बँकेचा माणूस येतो.
मी लालाचं केशरी केलं,
केशरीचं पिवळं.
मर्यादेची रेघ अर्ध्या अंशाने वर सरकवली का?
नाही. तेवढं नाही केलं.
(पण कर्सर तिथवर गेला होता.)

अकरा मार्च, रात्री दोन चाळीस ते चार पाच:
चार नंबरची एकही ओळ नाही.
सॉफ्टवेअरने अदबीने विचारलं,
रिकाम्या किमती कशा दाखवू?
शून्य?
जोडून?
की तशाच सोडू?

शून्य केलं तर रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली,
पडद्यावर सफरचंदांना कापरं भरलं.
जोडलं तर दोन टोकांमध्ये
ताणलेल्या दोरीसारखी सरळ, स्वच्छ रेघ,
जणू त्या रात्री कुणी जागंच नव्हतं.
शेठ म्हणाले, हे बेस्ट.

जनार्दन मढवी रात्रपाळी संपवून थांबले होते.
दिवा गावचे. कानटोपी अजून डोक्यावर,
बाहेर छत्तीस अंश.
माझ्या खांद्यावरून बराच वेळ बघत राहिले,
मग बोट त्या सरळ रेघेवर ठेवलं,
पडद्यावर दवाचा ठसा उमटला.
"सेन्सर मेला व्हता, ताई.
मी जित्ता व्हतो."

आणि वही आणली.
ओलीने फुगलेली, पुठ्ठ्याला दोरा बांधलेली.

२.४५ दोन
२.५५ दोन
३.०५ सव्वादोन
३.१५ फोन. मुलगी
३.२५ अडीच. दार पाहिलं, रबर सुटलंय, दाबलं
३.३५ सव्वादोन
३.४५ दोन

पेन त्या थंडीत मध्येच बंद पडलं असावं,
पुढचे आकडे पेन्सिलीचे.

घरी बसून मी ते एकेक टाईप केलं.
सव्वादोन म्हणजे दोन पूर्णांक पंचवीस, झालं.
अडीच, झालं.
तीन पंधराला सॉफ्टवेअर अडलं:
या रकान्यात संख्या अपेक्षित आहे.

मुलीचा फोन आला होता,
की मुलगी झाल्याचा?
मी विचारणार होते, खरंच.
पण दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी बदलली होती,
नंतर माझं काम संपलं,
नंतर इतकं साधं काही विचारायला
फोन करणं विचित्र वाटलं.

तर चार नंबरची रेघ आता अशी आहे:
दोन चाळीसला थांबते.
मग वहीतले ठिपके, पोकळ, राखाडी,
एकमेकांना न जोडलेले.
तीन पंधराला ठिपकाही नाही.
तिथे माऊस नेला तर एक छोटी चौकट उघडते,
"नोंद वहीत आहे".

बिल द्यायच्या आधी शेठनी दोनदा विचारलं,
हे मध्ये तुटलंय ते बग आहे का?
नाही म्हटलं.
मग काय आहे?

मी म्हटलं, रबर सुटलं होतं दाराचं.
तेवढं मात्र त्यांनी लगेच बदलून घेतलं.